रकान्यात न बसलेली अंडी

चौथ्या दिवशी सकाळी मी प्लेट सूक्ष्मदर्शकाखाली सरकवली आणि पहिल्याच खळग्यातल्या झेब्राफिशच्या अंड्यानं माझी पंचाईत केली. शेजारच्या स्वच्छ पाण्यातली पिल्लं केव्हाच कवचाबाहेर पडली होती. तळाशी आडवी पडून राहायची, आणि प्लेटीला जरा धक्का लागला की सुळकन पळायची. हे अंडं मात्र पहिल्या दिवशी होतं तसंच, काचेच्या गोटीसारखं गोल. गर्भ आतच होता, स्वतःभोवती वेटोळं घालून. मेला म्हणावा तर त्याचं हृदय चालू होतं. मी घड्याळ लावून मोजलं, पंधरा सेकंदांत ३५ ठोके. डोळे काळेभोर झालेले, अंगावर रंगाचे ठिपके आलेले, आणि शेपटी मधूनच कवचाच्या आतल्या बाजूवर आपटत होती.

वहीत माझ्याकडे दोनच रकाने होते: जिवंत आणि मृत.

मी 'जिवंत'खाली खूण केली आणि पुढे गेले. दुसऱ्या खळग्यात तेच, तिसऱ्यातही तेच. झिंक ऑक्साइडच्या नॅनोकणांची, म्हणजे अतिसूक्ष्म कणांची, विषारीता तपासायची ती ओळ संपेपर्यंत 'जिवंत'च्या रकान्यात खुणांची रांग लागली होती. तो कागद कुणाच्याही हातात दिला असता तर त्यानं म्हटलं असतं, या डोसला काहीच झालेलं दिसत नाही. आणि मला तर समोर दिसत होतं की त्या ओळीतलं जवळजवळ एकही पिल्लू जगात आलेलं नाही.

झेब्राफिश हा मासा मी पहिल्यांदा पाहिला तेव्हा नाव वाचून जे मनात आलं होतं त्यापेक्षा तो फारच किरकोळ निघाला. तीन-चार सेंटिमीटर लांब, अंगावर निळसर आडवे पट्टे, सतत कुठेतरी निघालेला. भारत, नेपाळ, बांगलादेशातल्या संथ ओढ्यांत आणि भाताच्या खाचरांच्या कडेला तो मूळचा राहतो. फ्रान्सिस हॅमिल्टननं गंगेच्या खोऱ्यातल्या माशांची नोंद करताना १८२२ मध्ये त्याचं शास्त्रीय वर्णन केलं. डॅनिओ रेरिओ या नावातलं 'डॅनिओ' हे 'धानी' या बंगाली शब्दावरून आलंय, म्हणजे धानाच्या शेतातला. मला हे कळल्यावर उगीचच बरं वाटलं होतं. पुढे तो घरोघरच्या काचेच्या टाक्यांत गेला, आणि तिथून प्रयोगशाळेत. अमेरिकेतल्या ओरेगन विद्यापीठात जॉर्ज स्ट्रायसिंगर यांनी त्याच्यावर वर्षानुवर्षं काम करून १९८१ मध्ये एकाच आईपासून हुबेहूब सारख्या माशांच्या पिढ्या तयार करून दाखवल्या, तेव्हा जीवशास्त्रज्ञांचं या माशाकडे खरं लक्ष गेलं. २०१३ मध्ये त्याचा पूर्ण जनुकसंच प्रसिद्ध झाला. माणसाच्या सुमारे ७० टक्के जनुकांना या माशात निदान एक तरी जोडीदार जनुक सापडतं. हा आकडा प्रत्येक प्रबंधाच्या पहिल्या पानावर असतो, माझ्याही होता. तो खरा आहे, पण सोयीचाही आहे, आणि उरलेल्या ३० टक्क्यांबद्दल पहिल्या पानावर कुणी बोलत नाही.

पण आम्हा विषशास्त्राच्या लोकांना या माशाचं वेड लागतं ते जनुकांमुळे नाही, सकाळमुळे. आदल्या संध्याकाळी नर आणि मादी एकाच छोट्या टाकीत, मध्ये पारदर्शक पडदा घालून ठेवायचे. सकाळी दिवे लागले की पडदा काढायचा. त्यांच्या लेखी दिवे लागणं म्हणजे उजाडणं, आणि उजाडणं म्हणजे अंडी घालणं. थोड्याच वेळात टाकीच्या जाळीखाली शंभर, दोनशे अंडी पडतात. प्रत्येक अंडं पाऊण मिलिमीटरच्या आसपास. पिपेटनं उचलून डिशमध्ये घेतलं की पाऊण तासात पहिली पेशी दुभंगताना दिसते, मग साधारण दर पंधरा मिनिटांनी दोनाच्या चार, चाराच्या आठ. दुसऱ्या दिवशी सकाळी येऊन पाहावं तर शेपूट, डोळ्यांचे वाटोळे आकार, आणि छातीशी एक नळी नुकतीच धडधडायला लागलेली.

पहिल्यांदा ते हृदय पाहिलं तेव्हा मी मोजायचंच विसरले. शेजारी आमच्या गाइड मॅडम उभ्या होत्या. म्हणाल्या, "बघून घे गं आजच्या दिवस. उद्यापासून तुला हा फक्त आकडा दिसणार आहे." तसंच झालं.

हे सगळं दिसतं, कारण अंडं पारदर्शक आणि गर्भही पारदर्शक. उंदराच्या पोटात काय चाललंय हे पाहायला उंदीर मारावा लागतो. इथे रक्तातली एकेक पेशी शेपटीच्या शिरेतून घरंगळत जाताना जिवंतपणीच दिसते. चकाकणारे नॅनोकण रक्तात टोचले तर ते कुठे जाऊन साठतात, हेसुद्धा काही मिनिटांत समोर उलगडतं. २०१८ मध्ये एका गटानं याच तऱ्हेनं दाखवलं की ऋण भाराचे कण पिल्लाच्या शेपटीतल्या शिरेच्या अस्तरातल्या विशिष्ट पेशी झपाझप गिळतात, आणि आपल्या यकृतातल्या केशवाहिन्यांच्या अस्तरातल्या पेशींशी त्यांचं कामाचं नातं आहे. औषध म्हणून टोचलेले कण कर्करोगाच्या गाठीपर्यंत न पोहोचता यकृतातच का अडकतात, याचा एक धागा इवल्याशा पिलाच्या शेपटीत सापडला. असं काही वाचलं की मला माझ्या दोन रकान्यांची लाज वाटते.

आता कणांविषयी. नॅनो म्हणजे साधारण १ ते १०० नॅनोमीटर. एवढं सांगून भागत नाही, कारण लहान असणं हा काही स्वतःहून गुन्हा नाही. गोष्ट पृष्ठफळाची आहे. एक सेंटिमीटर बाजूचा घन घ्या. त्याचं पृष्ठफळ ६ चौरस सेंटिमीटर, म्हणजे बोटभर. तोच घन १० नॅनोमीटर बाजूच्या इवल्या घनांत चिरला तर वजन तेवढंच राहतं, पण उघडं पडलेलं पृष्ठफळ ६०० चौरस मीटर होतं, दोन टेनिस कोर्टांहून जास्त. रसायन जे काही करतं ते पृष्ठभागावरच करतं. म्हणून ढेकळाच्या रूपात निरुपद्रवी ठरलेला पदार्थ या रूपातही निरुपद्रवीच असेल असं धरून चालता येत नाही, आणि उपद्रवीच असेल असंही नाही. दर वेळी विचारावंच लागतं. सनस्क्रीनमध्ये झिंक ऑक्साइड आहे, जखमेवरच्या पट्ट्यांत आणि मोज्यांत चांदी आहे, रंगांत टायटॅनियम डायऑक्साइड आहे. धुतलं, पुसलं, फेकलं की यातलं बरंच पाण्याच्या वाटेला लागतं. तेव्हा आधी पाण्यातल्या जिवाला विचारणं हे तसं न्यायाचंच आहे.

विचारायची पद्धतही ठरलेली आहे. ओईसीडी या आंतरराष्ट्रीय आर्थिक सहकार्य संघटनेची २३६ क्रमांकाची मार्गदर्शिका, २०१३ सालची. डोसच्या पाच पायऱ्या, दर पायरीला वीस अंडी, प्रत्येक अंडं वेगळ्या खळग्यात, पाणी २६ अंश सेल्सिअस, मुदत ९६ तास. रोज फक्त चार गोष्टी बघायच्या: अंडं गोठून पांढरं पडलंय का, शरीराचे खंड (पुढे ज्यांतून स्नायू आणि मणके होतात ते) पडलेत का, शेपटी बलकापासून सुटली आहे का, हृदय चालू आहे का. चारांपैकी एकातही खोट निघाली तर मृत. एक गंमत सांगते, म्हणजे आम्हाला ती गंमत वाटायची. चाचणी खरी धरायची तर साध्या पाण्यातली किमान ९० टक्के अंडी जगावी लागतात, आणि डायक्लोरोअ‍ॅनिलिन नावाच्या नेमून दिलेल्या विषातली किमान ३० टक्के मरावी लागतात. एका प्लेटीत जास्त मेली तर आठवडा वाया, दुसरीत कमी मेली तरी आठवडा वाया. विषाच्या प्लेटीत गर्भ ठणठणीत दिसले की आमचे चेहरे पडायचे. बाहेरच्या माणसाला हे समजावून सांगायच्या भानगडीत मी कधी पडले नाही.

ही मार्गदर्शिका विरघळणाऱ्या रसायनांसाठी फार चांगली आहे. रसायन पाण्यात टाकलं, ढवळलं, की प्रत्येक थेंबात सारखं. नॅनोकण असे शहाणे नसतात. माझ्या पहिल्या तीन महिन्यांची कमाई मी इथेच घालवली. कणांची पूड पाण्यात घालून सोनिकेटरखाली धरली, ध्वनिलहरींनी ती छान विस्कटली, दुधट एकसारखं पाणी झालं, आणि मी खुशीत वहीत डोस लिहून टाकला, लिटरला १० मिलिग्रॅम. दुसऱ्या दिवशी वरचं पाणी नितळ होतं. तो सगळा ऐवज एकमेकांना चिकटून खळग्याच्या तळाशी बसला होता. वरच्या पाण्यातला धातू मोजून पाहिला तर नावापुरता. मग डोस काय लिहायचा? कमी म्हणावा, तर अंडीही तळाशीच पडलेली असतात. ती त्या साक्यात मानेपर्यंत पुरलेली होती. जास्त म्हणावा, तर तिथे आता नॅनो म्हणण्यासारखं काही उरलंच नव्हतं, गुठळ्या होत्या. मी तीन महिने ज्याची विषारीता मोजत होते ती वस्तू बाटलीवरच्या लेबलात होती, खळग्यात नव्हती.

चांदीनं वेगळाच इंगा दाखवला. माझे आकडे आणि वरच्या मजल्यावरच्या एका दादाचे आकडे जुळेनात. कण एकाच बाटलीतले, मासे एकाच टाकीतले. तो म्हणे तुझा हात चुकतो, मी म्हणे तुझा. शेवटी कळलं की चुकत कुणीच नव्हतं, पाणी वेगळं होतं. अंडी ठेवायच्या माझ्या पाण्यात मीठ होतं, त्याच्या पाण्यात जवळजवळ नव्हतं. चांदीच्या कणातून चांदीचे आयन, म्हणजे विद्युतभारित अणू, हळूहळू सुटतात, आणि माशाच्या दृष्टीनं मोठा धोका तेच असतात. शरीरातलं सोडियम आत-बाहेर करणारा जो पंप असतो, त्यालाच ते अडवतात, आणि गोड्या पाण्यातल्या माशाचा सगळा डोलारा त्या पंपावर उभा असतो. माझ्या पाण्यात मिठातल्या क्लोराइडनं सुटलेले आयन धरून ठेवले. त्याच्या पाण्यात ते मोकळे होते. तेव्हापासून चांदीच्या प्रत्येक प्लेटीशेजारी आम्ही दोन प्लेटी जास्तीच्या लावायचो. एकीत कण गाळून काढलेलं नुसतं पाणी, दुसरीत साधं सिल्व्हर नायट्रेट. मारलं कुणी, कणानं की त्याच्यातून सुटलेल्या आयनांनी, हे तरी कळावं.

अशा चुका मोठमोठ्यांच्या वाट्याला आल्या आहेत हे वाचलं तेव्हा मला जरा धीर आला. फुलरीन म्हणजे ६० कार्बन अणूंचा फुटबॉलसारखा रेणू, १९८५ मध्ये सापडलेला, १९९६ चं रसायनाचं नोबेल मिळवून देणारा. २००४ मध्ये एका अभ्यासात दिसलं की फुलरीनच्या पाण्यात ठेवलेल्या बास माशांच्या मेंदूतल्या स्निग्ध द्रव्याला इजा झाली. खळबळ उडाली, आणि उडायलाच हवी होती. पण फुलरीन पाण्यात मिसळत नाही. ते मिसळावं म्हणून आधी टेट्राहायड्रोफ्युरान या द्रावकात घ्यायची तेव्हा रीत होती. २००७ मध्ये दुसऱ्या एका गटानं झेब्राफिशची पिल्लं घेऊन तीन गोष्टी शेजारी शेजारी ठेवल्या: द्रावक वापरून केलेलं फुलरीनचं पाणी, नुसतं पाण्यात ढवळून केलेलं फुलरीनचं पाणी, आणि तिसरं, फुलरीन अजिबात न घालता फक्त द्रावकाच्या वाटेनं नेलेलं पाणी. पिल्लं मेली ती पहिल्यात आणि तिसऱ्यात. ढवळलेल्या फुलरीनमध्ये नाही. दोष द्रावकाच्या अवशेषांकडे जात होता. मला या गोष्टीत सगळ्यात आवडते ती तिसरी बाटली. जिच्यात संशयित नाहीच, अशी. ती लावायचं सुचायला किती खोडसाळ डोकं लागतं!

याचा अर्थ नॅनोकण निर्दोष सुटले असा कुणी लावू नये. फक्त ज्याच्यावर खटला आहे तो आरोपी कोर्टात हजर आहे ना, एवढं आधी बघावं लागतं.

आणि आता ती बंद अंडी.

अंड्याचं कवच वरवर काच वाटतं, पण ती चाळण आहे. त्यावर अर्धा-पाऊण मायक्रोमीटरची छिद्रं असतात, म्हणजे ५०० ते ७०० नॅनोमीटर. सुट्या नॅनोकणाला यातून आरामात जाता येतं. २००७ मध्ये चांदीचे एकेकटे कण या छिद्रांतून भरकटत आत शिरताना प्रत्यक्ष पाहिले गेले आहेत. गुठळी झाली की मात्र ती बाहेरच अडते आणि कवचावर लिंपली जाते. माझ्या अंड्यांवर तसा पांढुरका थर होता. माझा पहिला तर्क हाच, की छिद्रं बुजली, श्वास कोंडला. पण कोंडला असता तर हृदय असं बिनघोर चाललं नसतं.

मॅडमनी वही पाहिली, खुणांची रांग पाहिली, आणि म्हणाल्या, "अगं, बाहेर यायला जोर लागतो असं वाटतं का तुला? आधी कवच पातळ व्हावं लागतं."

मला खरंच तसं वाटत होतं. कोंबडीचं पिल्लू चोचीनं टवके काढतं तसंच काहीतरी. माशाच्या गर्भाला चोच नसते. त्याच्या अंगावर, बलकाच्या पुढच्या भागावर काही ग्रंथीपेशी असतात. वेळ झाली की त्या एक एन्झाइम सोडतात, ते कवच आतून पचवून मऊ करतं, आणि मग शेपटीच्या दोन-चार फटक्यांनी ते फाटतं. या एन्झाइमच्या गाभ्यात जस्ताचा, म्हणजे झिंकचाच, अणू असतो. तिथेच मेख आहे. २०११ पासूनच्या कामात पुढे आलं की कॉपर ऑक्साइड, झिंक ऑक्साइड, निकेल ऑक्साइड यांचे कण आणि त्यांतून सुटलेले धातूचे आयन नेमके या एन्झाइमच्या गाभ्याशी जाऊन अडसर घालतात. धातूंना पकडून ठेवणारं रसायन पाण्यात घातलं तर अंडी पुन्हा फुटू लागतात. म्हणजे गर्भाला थेट कुणी हात लावलेला नाही. घरातल्या माणसाला काही केलं नाही, दाराची किल्ली तेवढी वाकवली.

आता सांगा, याला कुठल्या रकान्यात घालायचं? गोठलेलं नाही. खंड पडलेले. शेपटी सुटलेली. हृदय चालू. चारही प्रश्नांची उत्तरं सुदृढ बाळाची. आणि ओढ्यात, टाकीत, कुठेही असतं तरी बलक संपला की हे पिल्लू त्या गोटीत उपाशी मेलं असतं, किंवा गोटीसकट कुणीतरी गिळलं असतं. मार्गदर्शिकेला मी दोष देत नाही. ९६ तासांत तातडीनं मारणारं विष शोधण्यासाठीच ती लिहिली आहे, आणि अंडी फुटली की नाही याची नोंद ठेवायला ती नाही म्हणत नाही. फक्त ती नोंद मृत्यूच्या हिशेबात धरली जात नाही. माझी चूक एवढीच की मी हिशेबाचे रकाने तेवढे आखले आणि त्यांनाच प्रयोग समजले.

९६ तासांचीही एक कथा आहे. युरोपच्या २०१० च्या कायद्यानुसार माशाचं पिल्लू स्वतः अन्न खाऊ लागलं की मग ते संरक्षित प्राणी ठरतं. झेब्राफिशच्या बाबतीत ही रेघ साधारण पाचव्या दिवसावर, १२० तासांवर धरतात. त्याआधी जे चालतं ते त्या कायद्याच्या लेखी प्राण्यावरचा प्रयोगच नव्हे. पूर्वी हेच उत्तर काढायला वाढलेले मासे ९६ तास विषात ठेवायचे, आणि अजूनही ठेवतात, त्या मानानं हे पुष्कळ बरं. मी स्वतः तीच बाजू घेऊन भांडले आहे. तरी चौथ्या दिवशी संध्याकाळी भूल देऊन प्लेटी संपवताना, दुपारी आपल्या पिपेटच्या सावलीला घाबरून पळालेलं पिल्लू कोणतं, हे माझ्या लक्षात असायचं. कायद्याच्या रेघेला पाठीवरची नजर कळत नाही, मला कळायची. याच्यापुढे माझ्याकडे या विषयावर सांगण्यासारखं काही नाही.

एक गोष्ट मात्र मी अंडी पाहता पाहता शिकले: बातमीत 'झेब्राफिशवर सुरक्षित' असं वाचलं की थांबायचं. कोणता टप्पा, कोणतं पाणी, किती तास? धूळ म्हणून छातीत जाणाऱ्या कणांविषयी हा मासा काय सांगणार, त्याला फुप्फुसच नाही. 'झेब्राफिशवर घातक' वाचलं तरी तसंच. कितीदा डोस इतका अचाट असतो की त्या साक्याखाली वाळूनंही अंडी गुदमरली असती.

तर त्या सकाळी मॅडम गेल्यावर मी दोन चिमटे घेतले. सुईसारख्या टोकांचे, घड्याळजींच्या कामाचे असतात तसे. पहिल्या खळग्यातलं अंडं हात बसेपर्यंत राखून ठेवलं, आधी शेजारची दोन डिशमध्ये घेतली. एका चिमट्यानं कवच धरायचं, दुसऱ्यानं शेजारी धरून अलगद फाडायचं. त्या दोन अंड्यांत माझा हात थरथरला आणि बलक फुटला. तिसरं पहिल्या खळग्यातलं, त्याचं कवच फाटलं. पिल्लू बाहेर घसरलं आणि तसंच वाकडं पडून राहिलं, चार दिवसांच्या वेटोळ्याची सवय असल्यासारखं. मला वाटलं, पाठीचा कणा गेला. मग ते हळूहळू सरळ होत गेलं. मी डिशच्या कडेला नखानं टिचकी मारली.

ते पळालं. इतक्या जोरात की भिंगाच्या वर्तुळातून गायब झालं, आणि मला डिश फिरवून फिरवून शोधावं लागलं.

वहीत मी पट्टी न वापरता तिसरी उभी रेघ मारली, ती वाकडीच आली. वर मथळा काय लिहावा हे सुचेना, म्हणून रकाना तसाच बिननावाचा सोडला आणि त्या खळग्यासमोर लिहिलं: मिनिटाला १४० ठोके, कवच बंद, हातानं काढलं, पोहतं. मग चौथं अंडं घेतलं.